रोजच्या आयब्रो कशा भरायच्या, भरल्यात हे कळूच नये अशा

आयब्रो भरायच्या म्हटलं की बऱ्याच जणींच्या डोळ्यासमोर ती रीलमधली काळी, ठळक, कडेनं कापल्यासारखी भुवई येते आणि वाटतं नको बाई, ऑफिसला असं कुठे जायचं. पण रोजच्यासाठी जे करायचं ते काम खूप छोटं आहे. भुवई नव्याने काढायची नसते, जिथे केस विरळ आहेत किंवा नाहीतच, तेवढ्या जागा बुजवायच्या असतात, बास. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली ना की पुढचं सगळं सोपं जातं, आणि खरं सांगते, बाकी काही मेकअप न करता फक्त भुवया नीट भरल्या तरी चेहरा झोपेतून उठल्यासारखा दिसत नाही.

भुवयांचं चेहऱ्यात किती चालतं ते बघा. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना प्रसिद्ध माणसांचे फोटो दाखवले होते, काही फोटोंतून डोळे काढून टाकलेले आणि काहींतून भुवया, तर भुवया नसलेले चेहरे ओळखताना लोक जास्त अडखळले. डोळे नसलेल्या चेहऱ्यांपेक्षाही जास्त! आपल्याकडे काजोलचंच घ्या, तिने त्या जाड, जवळजवळ जुळलेल्या भुवया तशाच ठेवल्या आणि आज तिचा चेहरा आठवला की आधी भुवयाच आठवतात. त्यामुळे इथे एखादी रेघ जरा जास्त वर गेली तरी माणूस दचकलेला दिसतो, आतल्या बाजूला जास्त काळं झालं की रागावलेला दिसतो. म्हणून हात हलका ठेवायचा.

आधी सामान. खरं तर दोनच गोष्टी लागतात, एक रंगाची आणि एक स्पूली, म्हणजे तो मस्कारासारखा छोटा गोल ब्रश. आणि या दोघांत मला विचाराल तर स्पूली जास्त महत्त्वाची. पेन्सिल साधी असली तरी चालते पण नंतर विंचरलं नाही तर कितीही महागाची पेन्सिल काढलेलीच दिसणार. जुना मस्कारा संपला असेल तर त्याचा ब्रश साबणाने स्वच्छ धुवून वाळवा, झाली स्पूली, मात्र त्यात काळा रंग कुठे अडकलेला राहिला नाही ना ते टिश्यूवर फिरवून बघा.

रंगासाठी पेन्सिल घ्यायची की पावडर की जेल, यावर मुली खूप गोंधळतात. नवीन असाल तर बारीक टोकाची फिरवून वर येणारी पेन्सिल घ्या, तिच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा स्पूली असतेच. त्वचा तेलकट असेल तर पावडर जास्त टिकते आणि चुकली तरी लगेच पुसता येते, त्यासाठी खास आयब्रो पावडरच पाहिजे असंही नाही, घरातल्या आयशॅडो पॅलेटमध्ये एखादा मॅट ब्राऊन असतोच, तो तिरक्या कापाच्या बारीक ब्रशने लावला की झालं. फक्त त्यात चमक अजिबात नको, कारण उन्हात भुवई चमकली की लांबूनच कळतं. डबीतलं पोमेड, म्हणजे ब्रशने लावायचा घट्ट क्रीमसारखा रंग, मात्र लग्न, हळद, फोटोशूट यासाठी ठेवा, ते इतकं गडद बसतं की सकाळच्या घाईत हमखास जास्त होतं. आणि काजळ? अनेक घरांत अजूनही काजळ पेन्सिलच भुवईवर फिरवतात. नका करू. काजळ मुद्दाम मऊ आणि गडद काळं बनवलेलं असतं, कपाळाला जरा घाम आला की ते पसरतं आणि मग भुवईखाली काळपट सावली दिसत राहते.

शेडचं बोलू, कारण निम्मं काम इथेच बिघडतं. आपले केस काळे म्हणून बाई काळी पेन्सिल मागते आणि दुकानदार देतोही. पण आपले काळे केससुद्धा नीट उजेडात बघा, ते शाईसारखे काळे नसतात, आणि भुवईत केसांच्या मधून त्वचा दिसत असते म्हणून एकूण रंग आणखी फिका वाटतो. काळ्या केसांना डार्क ब्राऊन, किंवा ज्याला अॅश ब्राऊन म्हणतात तो थंड, किंचित राखाडी झाक असलेला ब्राऊन घ्या. लालसर ब्राऊन टाळाच, आपल्या त्वचेवर तो तासाभराने वीटकरी दिसायला लागतो. केसांना मेंदी किंवा बरगंडी कलर लावला असेल तरी भुवयांना त्याच्याशी मॅच करत बसू नका, साधा न्यूट्रल ब्राऊनच बरा दिसतो. दुकानात हाताच्या मागच्या बाजूला रेघ मारून काही कळत नाही. टेस्टरचं टोक पुसून किंवा छिलून घ्या, भुवईच्या शेवटच्या टोकाला जरासं लावा आणि बाहेर येऊन उजेडात बघा, दुकानातल्या पिवळ्या लाइटवर विश्वास ठेवू नका. दोन शेडमध्ये अडलात तर फिकी घ्या, फिकीवर अजून एक हात देता येतो, गडद झालेली मात्र आख्खी पुसावी लागते.

आता बसायचं कुठे. खिडकीसमोर, तोंड उजेडाकडे करून. बाथरूममधल्या एका बाजूच्या ट्यूबलाइटखाली भरल्या तर सावलीतली भुवई तुम्हाला कायम फिकी वाटणार आणि तुम्ही तीच जास्त भरणार, मग लिफ्टच्या आरशात बघितलं की एक जाड एक बारीक. आणि आरसा हातभर लांब. अगदी आरशात घुसून भराल तर एकेका केसाची फट दिसते आणि ती प्रत्येक फट भरावीशी वाटते, पण समोरचा माणूस तुम्हाला तेवढ्या जवळून बघत नाही.

चेहऱ्याचं बाकीचं आधी उरकून घ्या, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बीबी क्रीम किंवा कॉम्पॅक्ट जे काय लावता ते. भुवया त्यानंतर. कारण आधी भुवया भरून वरून क्रीम फिरवलं की रंग पसरतो. पण मग सनस्क्रीनचा तेलकटपणा भुवईत बसलेला असतो आणि पेन्सिल घसरते, लागतच नाही, म्हणून टिश्यू भुवईवर हलकेच दाबा, चोळू नका, आणि बोटाला किंचित लूज पावडर घेऊन टिपा. केसांत बीबी क्रीम अडकलं असेल तर कोरड्या स्पूलीने ते काढून टाका, नाहीतर काळ्या केसांवर पांढरट थर राहतो आणि त्यावर ब्राऊन लावलं की मातकट दिसतं.

मग केस विंचरा, वरच्या दिशेने आणि जरा बाहेर. वर विंचरलं की खालची कड मोकळी होते आणि खरे खड्डे कुठे आहेत ते दिसतं. बहुतेकींना ते तीन जागी सापडतात: कमानीच्या खाली, शेपटाकडे म्हणजे भुवईच्या बाहेरच्या टोकाकडे आणि पार्लरमध्ये कधीतरी जास्त दोरा चालला त्या जागी. हे आधी नीट बघून घ्या, कारण पुढे पेन्सिल फक्त तिथेच जाणार आहे.

भुवई कुठे सुरू व्हायला हवी आणि कुठे संपायला हवी याचा अंदाज पेन्सिलनेच घेता येतो. पेन्सिल नाकपुडीच्या बाहेरच्या कडेला लावून सरळ उभी धरा, ती जिथे भुवईला लागते तिथून भुवई सुरू. खालचं टोक तिथेच ठेवून, समोर सरळ बघत, पेन्सिल बुबुळाच्या बाहेरच्या कडेवरून तिरकी करा, तिथे कमानीचा उंच भाग. आणखी तिरकी करून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून नेली की तिथे भुवई संपते. ही मोजायची पद्धत जगभर लोकप्रिय झाली त्यात रोमानियातून अमेरिकेत गेलेल्या अनास्तासिया सोआरे यांचा मोठा वाटा आहे, त्यांच्या नावाचा ब्रँडच आहे. पण हे माप म्हणजे काही कायदा नाही. ज्यांचं नाक जरा पसरट आहे त्यांनी नाकपुडीवरून माप घेतलं तर भुवया फार लांब लांब सुरू होतात, त्यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ वर माप घ्यावं. तुमची मूळ भुवई मापाच्या थोडी आत किंवा बाहेर असेल तर असू दे, मापासाठी केस उपटत बसू नका. एकच बघा, शेपटाचं टोक भुवईच्या सुरुवातीच्या पातळीपेक्षा खाली उतरत नाही ना, कारण ते खाली गेलं की डोळे थकलेले आणि चेहरा उदास वाटतो.

आता भरणं. सुरुवात पुढून, म्हणजे नाकाच्या बाजूने कधीच करायची नाही. पेन्सिलचं पहिलं टेकणं सगळ्यात गडद उमटतं आणि भुवईचा पुढचा भाग तर सगळ्यात फिका हवा. म्हणून कमानीपासून सुरू करा आणि शेपटाकडे जा. पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ धरू नका, मागच्या बाजूला धरा, म्हणजे जोर देताच येत नाही. छोट्या छोट्या रेघा, एका केसाएवढ्या, आणि ज्या दिशेला तिथला केस वाढतो त्या दिशेला. पुढचे केस जवळजवळ सरळ वर जातात, मधले तिरके आणि शेपटाकडचे बाहेर आणि खाली. मधल्या भागात तर वरचे केस खाली वळतात आणि खालचे वर, ते एकमेकांना भेटतात तिथे भुवईचा कणा दिसतो, एकदा निरखून बघा, मग हात आपोआप तसा चालतो.

शेपूट झालं की कमानीखालची कड. इथे सलग रेघ ओढायचा मोह होतो, आणि एक सांगते, खालच्या कडेला पुसटशी रेघ चालते, भुवईला तेवढा आकार मिळतो. पण वरच्या कडेला रेघ अजिबात नको. वरची कड मऊच राहू द्या, तिथे केस एकेक सुटे असतात आणि तेच खरं दिसतं. वरून आउटलाइन केली की ती कोरलेली भुवई झाली, मग कितीही विंचरा.

मधेच थांबून स्पूली फिरवा. भरून झाल्यावर एकदाच फिरवायची असं नाही, चार रेघा मारल्या की विंचरलं, परत चार, परत विंचरलं, याने रंग केसांवर आणि त्वचेवर सारखा बसतो आणि किती झालंय त्याचा अंदाज येत राहतो. पुढच्या भागासाठी तर बहुतेक वेळा नवीन रंग घ्यायचाच नाही, स्पूलीला जे लागलंय तेच मागून पुढे आणून वरच्या दिशेने विंचरलं की पुरतं. फारच विरळ असेल तर तीन-चार उभ्या रेघा, अगदी हवेत फिरवल्यासारख्या, आणि लगेच विंचरून टाका.

दोन्ही भुवया थोड्या थोड्या, आलटून पालटून भरा. एक पूर्ण करून मग दुसरी घेतली की दुसरी तिच्याएवढी करायला जाता, मग पहिली बारीक वाटते, मग तिला अजून एक हात, आणि दोन्ही जाड होत जातात. कोणाच्याच दोन भुवया एकसारख्या नसतात, एक थोडी वर असतेच, आणि बोलताना हसताना त्या हलतातही वेगवेगळ्या. तपासायला मोबाइलचा फोटो काढा, फिल्टर बंद करून, आणि शक्यतो मागच्या कॅमेऱ्याने कोणाला तरी काढायला सांगा, कारण आरशात आपण स्वतःला कायम उलटं बघतो आणि बाकीचे आपल्याला सुलटं बघतात.

खड्डा मोठा असेल, किंवा व्रण असेल तर जरा वेगळं करावं लागतं. माझ्या भाचीच्या डाव्या भुवईत कांजण्यांचा एक व्रण आहे, बरोबर कमानीपाशी, मसुराच्या डाळीएवढा, तिथे केस येतच नाहीत आणि ती त्वचा गुळगुळीत असल्यामुळे पेन्सिल तिथे नुसती सरकते. तिला मी असं करून देते, आधी तिरक्या ब्रशने मॅट ब्राऊन पावडर त्या जागेवर टेकवायची, घासायची नाही, टेकवायची, म्हणजे त्वचेला जरा खरखरीतपणा येतो. मग बारीक पेन्सिलला टोक करून त्यावर चार-पाच रेघा, शेजारचे केस जिकडे झुकलेत तिकडेच, त्यातल्या एक-दोन रेघा मुद्दाम शेजारच्या खऱ्या केसांत नेऊन सोडायच्या. मग परत वरून पावडरचा एक टेकू. लांबून बघितलं तर तिथे काही होतं हे कळत नाही. टाके पडलेले असतील तिथेही हेच चालतं, फक्त जखम पूर्ण भरून जुनी झालेली हवी.

शेवटी जेल. पारदर्शक आयब्रो जेल स्पूलीसारख्याच ब्रशने येतं, ते केस वर बसवून ठेवतं आणि रंगही धरून ठेवतं. लावायच्या आधी ब्रश बाटलीच्या तोंडाला पुसून घ्या, जास्त झालं तर वाळल्यावर पांढरे कण दिसतात. जेल नसेल तर कोरफडीचं जेल अगदी थेंबभर, काही तास तरी धरतं. साबण ओला करून भुवयांना लावायची पद्धतही चालू आहे आणि केस छान उभे राहतात, पण मुंबई-कोकणातल्या दमट हवेत किंवा पावसाळ्यात मी नाही सांगणार, घामाबरोबर तो साबण ओघळून डोळ्यात गेला की इतकं झोंबतं की बास. ज्यांच्या भुवया मुळात दाट आहेत त्यांनी तर पेन्सिल बाजूलाच ठेवावी, विंचरून नुसतं जेल लावलं तरी त्यांचं काम झालं.

टिकवायचं म्हणाल तर घाम आला की टिश्यूने टिपायचं, रुमालाने पुसायचं नाही. लोकलमधून उतरल्यावर आपण सवयीने कपाळ पुसतो आणि त्यात नेमकं शेपूट जातं. पुण्याच्या मुलींना तर स्कार्फ आणि वरून हेल्मेट, दोन्ही बाजूंनी शेपटावरच घासतं. निघायच्या आधी जेलला दोन मिनिटं वाळू द्या, वरून लूज पावडरचा अगदी पुसट हात द्या आणि स्कार्फ भुवईच्या वर, कपाळावर बांधा. काढताना ओढून खाली घेऊ नका, आधी गाठ सोडा आणि पुढे उचलून काढा. पर्समध्ये पेन्सिल ठेवा, पोचल्यावर शेपटाला दोन रेघा, एवढंच लागतं.

पार्लरचंही सांगते कारण भरणं सोपं की अवघड ते तिथेच ठरतं. थ्रेडिंगला बसताना आधीच बोला, "ताई, फक्त खालून साफ करा, वरून दोरा नको, जाडी आहे तशीच ठेवा." गप्प बसलात तर बारीक कमान करून मिळण्याची शक्यता जास्त. आणि एकदा बारीक झाली की केस परत यायला काही महिने जातात, सारखं सारखं उपटलेल्या जागी कधीकधी येतही नाहीत. थ्रेडिंग झाल्या झाल्या लाल झालेल्या त्वचेवर पेन्सिल फिरवू नका, त्या दिवशी फक्त थंड पाण्याची पट्टी किंवा कोरफड, नाहीतर बारीक पुळ्या येतात. लग्नकार्य असेल तर दोन-तीन दिवस आधी करून घ्या.

वय वाढलं की भुवयांत पांढरे केस येतात आणि ते उपटून टाकावेसे वाटतात, पण उपटून भुवई विरळ होते. माझ्या आईला पेन्सिल आवडत नाही, तिला मी ब्राऊन रंगाचं टिंटेड जेल लावून देते, आधी केसांच्या उलट दिशेने एक हात म्हणजे पांढऱ्याला सगळीकडून रंग लागतो, मग सुलट विंचरायचं. रोजच्या वापराला डाय नका लावू, डोळ्याच्या इतक्या जवळ ते जोखमीचं आहे.

आणि एक गोष्ट मनापासून. भुवईचा बाहेरचा भाग, शेवटचा तिसरा हिस्सा, अचानक विरळ व्हायला लागला असेल, थ्रेडिंगचा काही संबंध नसताना, तर नुसतं भरत बसू नका. थायरॉइड कमी काम करत असेल तर असं होऊ शकतं, सोबत थकवा, वजन वाढणं, केस गळणं असेल तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या. गोल चट्टा पडून केस गेले असतील तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. एरंडेल तेलाने भुवया दाट होतात असं सगळीकडे सांगतात, त्याला म्हणावा तसा पुरावा नाही, लावलं तर केस मऊ आणि चमकदार दिसतात इतकंच, आणि डोक्याच्या केसांसाठीची औषधं मनाने भुवईला लावू नका.

रात्री काढल्याशिवाय झोपायचं नाही. कापसावर मायसेलर वॉटर किंवा दोन थेंब खोबरेल तेल घ्या, भुवईवर काही सेकंद नुसतं धरून ठेवा, मग केसांच्या दिशेने पुसा आणि फेसवॉशने धुवा. घासून काढलं तर केस तुटतात. आपली पेन्सिल, स्पूली कोणाला द्यायची नाही, घरात कोणाचे डोळे आले असतील तेव्हा तर मुळीच नाही. स्पूली आणि ब्रश आठवड्यातून एकदा थेंबभर शाम्पूने धुवा आणि आडवे ठेवून वाळवा, उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरतं आणि ब्रशचे केस सुटायला लागतात.